भांडून बघायचं माप

काकींच्या मते ब्रा नीट बसली आहे की नाही हे आरशात बघून कळत नाही. भांडून कळतं.

"आरशासमोर सगळ्याच बायका श्वास रोखून उभ्या रवतत," त्या म्हणायच्या. "तेव्हा गोणपाट पण बसतं अंगाला. घालायची, हुक लावायचे आणि कोणाशी तरी बेंबीच्या देठापासून भांडायचं. भांडण संपेस्तोवर पाठीमागचा पट्टा वर चढला नाही, खांद्यावरचा खाली आला नाही आणि शेवटचं वाक्य एका दमात गेलं, की समजायचं बसली."

मी नाहूरला त्यांच्याकडे पेइंग गेस्ट होते, त्यामुळे या परीक्षेचे आवाज मी पलीकडच्या खोलीतून ऐकलेले आहेत. काकींनी नवी ब्रा आणली की दुसऱ्या दिवशी सकाळी आधी दूधवाल्याला कळायचं. तो बिचारा आपलं दूध पातळ झालं की काय म्हणून पातेल्यात डोकावत राहायचा. एकदा परीक्षेला दूधवाला सापडला नाही म्हणून त्या खाली जाऊन पाण्याच्या पंपाशी भांडल्या. पंप बंद होता तो सुरू झाला. नाहूर स्टेशनवर लोकांनी गाडी आली समजून पिशव्या उचलल्या म्हणे. म्हणे म्हणजे मीच म्हणते, पण आवाज तेवढा होता.

उंचीनं माझ्या खांद्याइतक्या. गाऊन, गाऊनवर ओढणी. ही ओढणी खांद्यावर टाकली की गाऊन हा गाऊन राहत नाही, पूर्ण पोशाख होतो, अशी आमच्या सगळ्या बिल्डिंगची श्रद्धा. त्या पोशाखात काकी भाजी आणायच्या, सोसायटीची मीटिंग गाजवायच्या आणि वॉर्ड ऑफिसातल्या साहेबाला जिन्यापर्यंत मागे मागे चालत आणायच्या. काका कधीच वारले होते. भिंतीवरच्या फोटोतसुद्धा ते किंचित मागे सरकून बसल्यासारखे दिसत.

काकींच्या घरात सगळ्या गोष्टी हिरव्या दोऱ्यानं शिवलेल्या असत. उशीचे अभ्रे, पिशव्यांचे बंद, माझ्या कुर्त्याचं निघालेलं बटण, सगळं हिरव्यानं. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "हिरवो संपलो की दुसरो काढीन." तो संपत नव्हता. मला तर वाटतं ते रीळ त्यांच्याबरोबर कणकवलीहूनच आलं असावं आणि नातवंडांना पुरून उरावं.

आता माझं सांगते, कारण गोंधळ तिथून सुरू होतो. मी जालन्याहून आले तेव्हा चौतीस होते. हे मला आईनं सांगितलं होतं, जसं रक्तगट सांगतात तसं. एकदा कळलं की जन्मभर तेच. पण नाहूरला राहायला लागून सहा-आठ महिने झाले असतील नसतील, माझी चौतीस मला कधी काचायची, कधी पोकळ व्हायची. सोमवारी घातलेली छाती आवळायची आणि बुधवारी घातलेलीत एक लिंबू मावायचं. वजन तर तेवढंच. माझे खांदे दुखायला लागले. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, कॉम्प्युटरवर वाकून बसतेस म्हणून. आई फोनवर म्हणाली, मुंबईचं पाणी. काकी म्हणाल्या, "नीट भांडत नाहीस म्हणून."

मुलुंडच्या बाजारात काकींचं ठरलेलं दुकान होतं. तिथला माणूस काउंटरपलीकडून एक नजर टाकायचा, मागे न बघता हात वर करून खोका काढायचा. ट्रायल-बियल काही नाही. बायका तिथं इतक्या हळू बोलायच्या की मंदिरात आल्यासारखं वाटे. काकी मात्र रस्त्यापासूनच सुरू करायच्या, "अडतीस रे, कॉटनची, स्किन कलर! आणि गेल्या वेळसारखी लवकर लूज होणारी नको!" अर्धा बाजार वळून बघायचा. स्किन कलर हा कोणाच्या स्किनचा कलर आहे ते देवाला ठाऊक. आमच्या बिल्डिंगमध्ये तरी त्या रंगाचं कोणी राहत नव्हतं. पण सगळ्यांच्या ब्रा मात्र त्याच रंगाच्या, त्याच दुकानातल्या, कारण काकींनी ते दुकान सगळ्या मजल्यांना सांगून ठेवलेलं.

आणि आता गंमत ऐका. ही अशी भर बाजारात अडतीस ओरडणारी बाई आपली ब्रा वाळत घालायची ती मात्र चादरीखाली.

आमची बिल्डिंग चार मजल्यांची, लिफ्ट नाही, वर गच्ची. गच्चीवर दोऱ्या, आणि मागच्या दोरीवर एक जुनी डबल बेडची चादर कायमची टाकलेली. मला पहिले कित्येक दिवस वाटायचं, कोणीतरी विसरलंय. मग एकदा मी माझे कपडे उघडेच लावले आणि काकींनी मला हाताला धरून त्या चादरीपाशी नेलं.

"आतले कपडे ह्याच्याखाली."

"कोणाची चादर आहे ही?"

"सगळ्यांची."

"म्हणजे आधी कोणाची होती?"

"आधी पण सगळ्यांचीच होती. प्रश्न काय विचारतेस? लाव."

चादरीखाली आख्ख्या विंगच्या बायकांच्या ब्रा दाटीवाटीनं लटकलेल्या असायच्या, पडद्यामागच्या बायकांसारख्या. काढायची पद्धतही ठरलेली. चादर उचलायची नाही. खालून हात घालायचा, मान वळवून मुलुंडच्या डोंगराकडे बघायचं, हाताला आपल्यासारखं काहीतरी लागलं की चिमटा काढून ओढायचं आणि टॉवेलात गुंडाळून जिना उतरायचा. कोणाला विचारलंच तर आपण डोंगर बघायला आलो होतो.

"काकी, बाजारात ओरडता, आणि इथं लपवता?"

"बाजारात कोण ओळखता आपल्याला? गच्चीवर सगळी ओळखीची."

मी यावर खूप विचार केला. अजून करते आहे. चूक कुठे आहे ते सापडत नाही.

काकींचं बिल्डिंगमध्ये सगळ्यांशी भांडण व्हायचं आणि सगळ्यांशी मिटायचं. न मिटलेलं एकच. चौथ्या मजल्यावर एक बाई राहायच्या, शाळेत चित्रकला शिकवून रिटायर झालेल्या, सडपातळ, शुद्ध बोलणाऱ्या. काकी त्यांचं नाव घ्यायच्या नाहीत, 'वरची' म्हणायच्या. कुठल्याशा जुन्या मीटिंगमध्ये काकी पाण्याच्या वेळेवर बोलायला उभ्या राहिल्या. चांगला तासभर मुद्दा मांडला. आणि प्रत्येक मुद्द्याला समोर बसलेल्या वरचीनं खांदे उडवले.

"असे!" काकी मला करून दाखवायच्या. "मी पंप म्हटलं, उडवले. मी टाकी म्हटलं, उडवले. माणसाने तोंडाने बोलावं की गो! खांदे काय उडवायचे? मी काय माशी आसंय?"

तेव्हापासून बोलणं बंद. जिन्यात समोरासमोर आल्या की वरची भिंतीकडे बघायची आणि काकी थांबून, छातीवर हात ठेवून, नाकानं असा काही श्वास ओढायच्या की जिन्यातला दिवा हलावा.

तो श्वास मला आधी रागाचा वाटायचा. मग एक दिवस काकी तिथंच पायरीवर बसल्या. वरची समोर नव्हती, कोणीच नव्हतं.

"दाबतंय," म्हणाल्या. "इथं. कोणीतरी पाय ठेवून उभं आसा असं."

डॉक्टर झाले. ईसीजी झाला, फिरत्या पट्ट्यावर चालवून झालं, रक्त झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, गॅस. काकी डॉक्टरांशी भांडायला गेल्या, पण अर्ध्या वाक्यात दम लागला आणि गप्प बसल्या. काकींना अर्ध्या वाक्यात थांबलेलं मी पहिल्यांदा बघितलं. खरं सांगते, मी घाबरले.

त्यांची मुलगी पनवेलला होती. आम्ही तिला ताई म्हणायचो. आईचाच आवाज, फक्त तो आवाज ऑफिसात जाऊन आलेला. ताई फोनवर म्हणाली, "आई, तू एकटी राहायचं नाहीस. आमच्याकडे ये."

"एकटी कुठे? ही पोरगी आहे."

"ती दिवसभर अंधेरीला असते. आणि रिपोर्ट नॉर्मल येऊनही दाबतंय म्हणजे काय ते कोणालाच कळत नाहीये. मला भीती वाटते गं."

शेवटी काकींनी शब्द दिला. परत असं दाबलं तर घर बंद करून पनवेलला येईन. शब्द दिल्यावर फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तुका माहीत आहे तिचं घर? विसाव्या मजल्यावर. काचा बंद. शेजारचं दार कधी उघडलेलं बघितलं नाही मी. भांडू कोणाशी गो? लिफ्टशी?"

पुढे ते दाबणं रोजचंच झालं, पण काकी लपवायच्या. मला डोळ्यांनी दटावायच्या. आणि एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल चालू असतानाच त्यांचा हात आपोआप छातीवर गेला. पलीकडे ताईनं ते बघितलं. मग म्हणाली, "रविवारी येते. खोके घेऊन येते."

काकी त्या रात्री जेवल्या नाहीत आणि मला एकटीलाच माशाचं ताट वाढून समोर बसल्या. "खा. आता ही कढी कोण देणार तुका." हे घर गेलं तर माझी खोलीही जाणार होती, पण तो विचार मागाहून आला. आधी वाटलं, काकी विसाव्या मजल्यावर काचेला नाक लावून उभ्या आहेत आणि खाली कोणाला ओरडलेलं ऐकूच जात नाहीये.

शनिवारी मी घाटकोपरच्या मॉलमध्ये निघाले होते. माझ्या खांद्यांनी हट्ट धरला होता की एकदा नीट मोजून घे. काकी म्हणाल्या, "मी पण येतंय. शेवटची फेरी. परत काय घाटकोपर दिसता नाय दिसता." जणू पनवेलहून घाटकोपरला यायला व्हिसा लागतो.

मॉलमधल्या दुकानात एक मुलगी गळ्यात टेप घालून उभी. तिनं मला मोजलं आणि म्हणाली, बत्तीस डी. मी म्हटलं, शक्य नाही, मी चौतीस. तिनं दुसरीला बोलावलं. दुसरीनं मोजलं, छत्तीस बी. मग दोघींनी मोबाइलवर आकडे टाकले, तर मोबाइल म्हणाला, चौतीस सी.

"यातलं बरोबर कुठलं?"

"तिन्ही, मॅम."

"मग मी कोण?"

"सिस्टर साइझ असतात ना, मॅम. एक नहीं मिला तो दुसरा चलता है."

काकी मागून म्हणाल्या, "माझी सिस्टर कणकवलीक आसा. तिचो साइझ हिका कसो कळलो?"

मला हसू आलं नाही, कारण मलाही तोच प्रश्न पडला होता. माणसाचं एक माप असतं असं मी धरून चालले होते. इथं माझ्या एकटीच्या अंगात तीन बायका राहत होत्या आणि तिघी एकमेकींच्या बहिणी होत्या.

मग त्या मुलीची नजर काकींकडे गेली. "आंटी, आपका भी देखूँ?" काकी नाही म्हणणार होत्या, पण फुकट आहे म्हटल्यावर आत गेल्या. पडदा ओढला गेला. बराच वेळ आतून काही ऐकू येईना. मग मोबाइलचा टॉर्च लागलेला दिसला. मग ती मुलगी पडद्यातून नुसतं डोकं बाहेर काढून मला म्हणाली, "मॅम, आंटी का साइझ अडतीस है. मगर जो पहना है वो चौंतीस है. पीछे हुकाला दोन जास्तीच्या पट्ट्या लावल्यात."

"चौतीस?" आतून काकी. "मी उभ्या आयुष्यात चौतीस घेतली नाही! माझ्या आजीनं घेतली नाही! पट्ट्या लावल्यात कारण ती धुऊन आटते. आमच्या टाकीचं पाणी जड आहे."

"आंटी, पाण्याने चार नंबर नाही आटत. नंबर पुसट झालाय, पण चौंतीसच आहे."

तिनं अडतीस आणून दिली. काकींनी ती घातली आणि आता परीक्षा म्हणून आवाज चढवला. "काय गो, एवढा वेळ लागतो आणायला?"

"सॉरी मॅम."

"सॉरी काय? ह्या रंगाची कोण घालता?"

"दुसरा कलर दिखाऊँ, मॅम?"

"मला उलट बोल जरा!"

"नो मॅम," ती मुलगी गोड हसली. "कस्टमर से हम ऐसे बात नहीं करते."

काकी बाहेर आल्या त्या हताश होऊन. "बसली की नाही, काय कळूचा नाय. इथं कोणी भांडतच नाही." पण ब्रा त्यांनी घेतली आणि अंगावर ठेवूनच निघाल्या. मी मात्र काहीच घेतलं नाही. तिघींपैकी कोणासाठी घ्यायची ते ठरेना.

रिक्षात काकी बोटांवर काहीतरी मोजत होत्या. भांडुप आलं तसं अचानक म्हणाल्या, "मी अडतीस घेतंय. दर वेळी अडतीसच घेतंय. तर ही चौतीस माझ्या अंगावर इली खयसून? आणि माझ्या अडतीस गेल्या खंय?"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि आम्ही दोघींनी एकदमच वर बघितलं. वर रिक्षाचं टप होतं, पण आम्हाला गच्ची दिसली.

घरी येऊन काकींनी कपाट उपसलं. चौतीस, छत्तीस, एक चक्क बत्तीस. अडतीस एकही नाही. माझ्या कप्प्यात बघितलं. मी जालन्याहून आणलेलं त्यात काहीही उरलं नव्हतं. म्हणजे इतके महिने मी रोज कोणीतरी वेगळीच होऊन अंधेरीला जात होते.

रविवारी सकाळी, ताई यायच्या आत, काकी गच्चीवर निघाल्या. मी मागे. चार जिने त्या न थांबता चढल्या, पण ते तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही नाही. चादरीपाशी गेल्या, दोन्ही हातांनी धरली आणि खेचली. ती चादर त्या दोरीवरून कधी निघाली असेल असं मला वाटत नाही. तिच्याबरोबर धुळीचा एवढा लोट उठला की डोंगर दिसेनासा झाला.

आणि खाली उन्हात सगळ्या विंगचा संसार. सगळा स्किन कलर. एकीची दुसरीपासून ओळख पटेल तर शपथ. मी टॅग वाचत निघाले. चौतीस. चाळीस. छत्तीस. पुसलेलं. पुसलेलं. आणि कोपऱ्यात एक अडतीस, जिचा हुक हिरव्या दोऱ्यानं शिवलेला.

"काकी!"

काकींनी हात पुढे केला, तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं एक सडपातळ हात आला आणि सवयीनं, मान डोंगराकडे वळवून, तीच ब्रा चिमट्यातून काढून घेतली.

वरची होती. चादर नाही हे तिच्या मागाहून लक्षात आलं. मग आम्ही दिसलो.

"चादर कोणाला विचारून काढलीत?" ती म्हणाली. किती वर्षांनी काकींना उद्देशून बोलली असेल कोण जाणे.

"ती खाली ठेव. माझी आसा ती."

"तुमची? माझ्या कोपऱ्यातली आहे. वापरतेय मी ती." आणि वरचीनं खांदा उडवला.

"बघ! बघ!" काकी माझ्याकडे वळल्या. "परत उडवला! मीटिंगमध्ये पण असाच—"

"अहो, मी खांदे उडवत नाही हो!" वरचीचा आवाज फाटला. चित्रकलेच्या बाईंचा आवाज असा फाटू शकतो हे त्यांच्या विद्यार्थ्यांनाही माहीत नसेल. "पट्टा घसरतो माझा! कित्येक वर्षं घसरतोय! त्या मीटिंगमध्ये समोर सेक्रेटरी, बाजूला खजिनदार. हात घालून वर करू का? मग खांद्यानंच वर करत होते! सारखी करत होते! तुम्ही पाण्याबद्दल काय बोललात त्यातला एक शब्द मला ऐकू आलेला नाही!"

काकींनी तिच्या हातातल्या ब्राचा हिरवा दोरा बघितला. मग तिचा अरुंद खांदा बघितला. मग परत दोरा.

"आणि तुम्ही?" वरची थांबायला तयार नव्हती. "मी जिन्यात दिसले रे दिसले की छातीवर हात ठेवून फुत्कार टाकता! जशी काय मी मेलेली उठून आलेय!"

"फुत्कार खयचो? श्वास घेतंय!" काकींनी कमरेवर हात ठेवले. "तुझी चौतीस घालून श्वास घेऊन बघ म्हणजे कळेल! माझ्या छातीवर पाय ठेवून उभी होतीस तू इतकी वर्षं! डॉक्टर झाले, पट्ट्यावर धावले, माझी पोरगी घर बंद करायला निघाली, आणि तू माझी अडतीस घालून चवथ्या मजल्यावर हवा खातंस!"

"मी मुद्दाम घेतली का? हाताला लागली ती घेतली!"

"हाताला लागली म्हणून? पिशवी आसा ती?"

"तुम्ही नाही घेतलीत? तुम्हाला कळलं नाही चार नंबर लहान आहे ते?"

"मला वाटलं पाणी जड आसा!"

"पाण्याची वेळ तर तुम्हीच बदलून घेतलीत!"

झालं. पाणी निघालं. पाणी निघालं म्हटल्यावर पंप निघाला, पंपावरून टाकी, टाकीवरून गणपतीची वर्गणी, त्यावरून कोणाच्या कुंडीतलं पाणी कोणाच्या पापडांवर पडलं होतं ते. खिडक्या उघडल्या. खालच्या मजल्यावरच्या बायका एकेक करून वर आल्या, दोरीवरचं उघडं दृश्य बघून जिन्यातच थिजल्या, आणि मग हळूच पुढे येऊन आपापली ओळखू लागल्या. "अगं बाई, ही माझ्या डोहाळजेवणातली!" पलीकडच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत चहा घेऊन बसले. पार भांडुपच्या सिग्नलला गाड्या थांबल्या असणार, मी काही बघायला गेले नाही.

आणि या सगळ्यात काकी बोलत होत्या. मला आठवतंय ते एकच वाक्य, कारण ते संपतच नव्हतं. ते पंपापासून निघालं, मीटिंगमधून गेलं, वाटेत वरचीच्या नवऱ्याच्या स्कूटरला भेटलं, कणकवलीला जाऊन आलं आणि मधे कुठेही, कुठेही त्यांनी दम घेतला नाही. वरचीसुद्धा बोलायचं विसरून ऐकत राहिली. तिनं खांदा वर करायला हात सरळ आत घातला, सगळ्यांसमोर, आणि कोणाला काही वाटलं नाही.

तेवढ्यात जिन्यात धाडधाड आवाज झाला आणि ताई आली. खालच्या फाटकापासूनच तिला आईचा आवाज आला होता. काहीतरी भयंकर झालंय समजून ती हातातल्या रिकाम्या खोक्यांसकट चार मजले धावत चढली होती. दारातच ती भिंतीला टेकली. खोके हातातून सुटले.

"आई! काय झालं? दुखतंय का? छातीत?"

काकी वाक्य संपवूनच वळल्या. स्वतःच्या छातीवर हात ठेवला. दाबून बघितला. खांद्यावरून बोट फिरवलं, पाठीमागचा पट्टा चाचपला. आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पूर्वी फक्त पापलेट स्वस्त मिळाल्यावर बघितलं होतं.

"बसली गो," त्या म्हणाल्या.

"काय बसली? आई, तू चार जिने चढून आलीस?"

"अडतीस बसली." काकींनी खोके पायानं जवळ ओढले. "हे आणलंस ते बरं केलंस. ह्याच्यात चौतीस, ह्याच्यात छत्तीस, ह्याच्यात अडतीस. आणि सगळ्यांनी एकेक करून या, ढकलाढकली नको. ओ वरच्या बाई, तुम्ही नंबर वाचा, तुमचं अक्षर बरं आहे."

"अक्षर नाही, वाचायचं आहे," वरची म्हणाली. पण आली, आणि काकींच्या शेजारी बसली.

ताईला काही समजेना. ती माझ्याकडे बघत होती. मी काय सांगणार? माझ्या तीन बहिणींपैकी कुठली कुठल्या खोक्यात जाणार ते मलाच माहीत नव्हतं. ती अजून धापा टाकत होती. एक हात भिंतीवर, दुसरा छातीवर. ती आली की नेहमी दोन-चार दिवस राहायची, आपले कपडे गच्चीवर वाळत घालायची आणि जाताना घाईघाईनं बॅग भरायची. तिनं घाम पुसला, खांदा किंचित उडवला, आणि परत उडवला.

काकींचा हात खोक्यातच थांबला. त्यांनी मान तिरकी करून लेकीकडे बघितलं.

"तू कोणाची घातलंस गो?"